दोनशे लिटरवर विरजण

पिंपाच्या तोंडाला ठोकलेला बारीक खिळा पक्कडीने उपसला की आतली बिअर धार धरून बाहेर येते. लहानपणी पाण्याच्या पिशवीला टाचणी टोचली की यायची, तशी. एप्रिलमधल्या त्या रविवारी मी खिळा उपसला, खाली ग्लास धरला, पाव ग्लास भरला आणि खिळा परत दाबला. धार थांबली, पण तुटली नाही. भोकापासून ग्लासापर्यंत एक तपकिरी तार लोंबत राहिली. चिकट, चकाकणारी. गुलाबजामाचा पाक दोन बोटांत धरून आपण एकतारी झाला का बघतो, अगदी तशी. पाक असता तर गॅस बंद करून मी पुढच्या कामाला लागले असते. पण ही बिअर होती, दोनशे लिटर होती, आणि तिच्यात अकरा घरांचे पैसे आणि अकरा शनिवार होते.

माझ्या मागे दहा माणसं उभी होती. कुणी काही बोललं नाही.

मी मूळची नाशिकरोडची. बाबा देवळाली कॅम्पात नोकरीला. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत त्या कॅम्पात महिनोन्महिने पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणायला लागले. २००९ साली पुण्यात त्याच नावाने ताजी बिअर बनवून विकणारं ठिकाण निघालं, तेव्हा बाबांना फार मौज वाटली होती. गावाचं नाव कुठल्या कुठे गेलं म्हणून. बिअरचं माझं ज्ञान तेवढंच. पुढे शिकागोच्या उपनगरात संसार थाटला, इथल्या एका ऑफिसात हिशोब बघायला लागले, आणि नवऱ्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याच्या मित्रांनी घरी बिअर बनवायचं एक किट दिलं. ते खोकं तळघरात तीन वर्षं पडून होतं. नवऱ्याने त्याच्यावर इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं.

एका हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि घरात कंटाळा असताना, मी ते उघडलं. आधी कायदा बघितला, कारण स्वभाव. अमेरिकेत घरी बिअर बनवायला केंद्र सरकारने १९७८ च्या कायद्याने मोकळीक दिली आहे. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर! मी पाच गॅलन केली. मोड आणून भाजलेल्या सातूचं पाणी, म्हणजे एक गोड काढा. त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकून तासभर उकळायचा, गार करायचा, यीस्ट घालायचं आणि झाकून विसरून जायचं. पहिल्याच खेपेला जमलं. जमलं नसतं तर बरं झालं असतं, असं नंतर अनेकदा वाटलं.

कारण मग मी आमच्या भागातल्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबात गेले. आणि तिथे पिंप होतं.

पिंपाचं अर्थशास्त्र मला पहिल्या पाच मिनिटांत पटलं. बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या पिंपातच मुरवली पाहिजे, असा इथला कायदा आहे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याच्या पुन्हा कामाचं नाही. मग ती पिंपं स्कॉटलंडला जातात, रमवाल्यांकडे जातात, आणि १९९० च्या दशकापासून बिअरवाल्यांकडेही जायला लागली. ह्याची मोठी सुरुवात आमच्याच शिकागोत झाली. गूज आयलंड नावाच्या ब्रुअरीच्या ग्रेग हॉलने जिम बीमच्या पिंपांत काळी जहाल स्टाउट भरून ठेवली आणि त्यातून ‘बर्बन काउंटी’ निघाली. आता दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी लोक तिच्यासाठी थंडीत रांगा लावतात. पिंपात ५३ गॅलन मावतात. आम्ही अकरा जण, प्रत्येकाने पाच गॅलन एकाच कृतीने घरी करायची, आणून ओतायची. ५५ झाली. वरची दोन घट-तुटीला. अगदी भिशी. मी पहिल्याच बैठकीत पैसे भरले.

फक्त एक गोष्ट माझ्या कानावरून गेली आणि मनात शिरली नाही. पिंपाची ही दुसरी खेप होती.

क्लबात एक निवृत्त इंजिनिअर आहेत, सत्तरीचे, सगळे त्यांना मान देतात. ते म्हणाले होते, “पहिल्या खेपेला बर्बन राखण करते. दुसऱ्या खेपेला आपण करायची.” मला ते सुभाषित वाटलं. ते हिशोबाचं वाक्य होतं. बर्बन पिंपात भरताना तिच्यात ६२.५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असू शकतो, आणि ती वर्षानुवर्षं लाकडात मुरते. असं ताजं ओलं पिंप जवळजवळ स्वतःच जंतुनाशक असतं. त्यात आदल्या वर्षी क्लबाने अकरा टक्क्यांची स्टाउट भरली, ती उत्तम झाली, आणि जाताना लाकडातला बराचसा जोर घेऊन गेली. मग पिंप तीन आठवडे रिकामं होतं. फळ्या सुकून फटी पडल्या. गरम पाणी भरून त्या फुगवल्या. आणि आम्ही त्यात भरली पोर्टर नावाची बिअर, जेमतेम सात टक्क्यांची, हॉप्सही बेताचेच. स्टीलचं भांडं घासून, वाफ देऊन स्वच्छ करता येतं. लाकूड म्हणजे सगळी छिद्रंच. त्यात जंतू काही मिलिमीटर आत जाऊन बसला की घासणार कुठे? आणि लाकडातून हवाही झिरपते. मुरणाऱ्या बिअरला त्या हवेचा थोडा फायदा होतो, जंतूंना त्याहून जास्त.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या वाटणीची पोर्टर केली त्या शनिवारी आई आमच्याकडे होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली, आमच्या दुकानी दह्याला नावं ठेवत रोज घरी दही लावणारी. शेगडीच्या डाव्या बाजूला माझा वीस लिटरचा काढा निवत होता, उजव्या बाजूला तिचं दूध. काढा उकळीत असेपर्यंत त्यात काही पडलं तरी चालतं. निवल्यावर मात्र त्याला जे जे लागेल ते ते औषधाच्या पाण्यात बुडवून घ्यायचं, हा पहिला धडा. मी बुडवून घेतला होता तो लांब दांड्याचा स्टीलचा डाव. यीस्ट घालून मी तो काढा ढवळला. आणि थोड्या वेळाने बघते तर तोच डाव आईच्या दह्याच्या पातेल्यात उभा.

“आई, हा डाव तू कधी घेतलास?”

“अगं, इथेच तर होता. विरजण ढवळायला घेतला. का, काय झालं?”

प्रश्न असा की तिने तो माझ्या ढवळण्यानंतर घेतला की आधी? आधी घेऊन परत ठेवला असेल तर? मी तिला तीनदा विचारलं. तीनदा वेगळं उत्तर आलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, “दारू नासेल म्हणून घाबरतेस? दारू मुळात नासलेलीच असते. तिचं आणखी काय नासायचंय?”

तर मार्चमध्ये, पिंप भरून दोन महिने झाल्यावर, आम्ही पहिल्यांदा चव बघितली. त्या खिळ्याला ‘व्हिनी नेल’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या व्हिनी सिलुर्झो यांची ही युक्ती. पिंपाच्या तोंडाच्या फळीला जेमतेम तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवायचा. वरचं बूच काढावं लागत नाही, हवा आत जात नाही. मी वास घेतला. लोणी! कढवायला ठेवलेल्या लोण्याचा, तो तुपाच्या अलीकडचा वास. मला घरी आल्यासारखं वाटलं. मी मोठ्याने म्हणाले, “वा, मस्त!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग एकमेकांकडे.

बिअरमध्ये लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटिल, आणि पिंपात दोन महिने मुरलेल्या बिअरला तो अचानक येतो तेव्हा घरात कुणीतरी शिरलेलं असतं. नवशिक्याची हीच गंमत आहे. नाक तेच, वास तोच, पण त्याला घाबरायचं की नाही हे आधी कुणीतरी शिकवावं लागतं. एप्रिलमध्ये तार सुटली. बिअर तोंडात बुळबुळीत लागली, अळूच्या भाजीच्या वरच्या पाण्यासारखी, आणि मागून आंबट. आम्लता मोजायच्या यंत्रावर भरताना ४.४ असलेला आकडा ३.७ वर आला होता. हा आकडा जितका खाली तितकं आंबट, आणि एक अंक खाली म्हणजे दहापट. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि सोडून दिला.

क्लबातलं वातावरण त्या दिवसापासून पार बदलून गेलं. श्रावणात आजी खुलभर दुधाची कहाणी सांगायची. सगळ्या गावाच्या दुधाने न भरलेला महादेवाचा गाभारा एका म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो. इथे कहाणी उलटी झाली होती. दहा जणांच्या चोख दुधात एकाचं खुलभर काहीतरी पडलं होतं, आणि ती म्हातारी कोण, हे प्रत्येक जण शोधत होता. एकाची प्लॅस्टिकची बादली जुनी, आतून ओरखडे पडलेली होती, हे कुणाला तरी आठवलं. ओरखड्यात जंतू राहतात. दुसरा एक जण घरी मुद्दाम आंबट बिअर करतो, आणि पिंप भरताना रबरी नळी त्याचीच होती. त्याने नळी नवी होती असं सांगितलं, पावती मात्र सापडेना. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी नवी, मी बाई, मी वह्या नीट ठेवणारी. मला रात्री झोप लागेना. लॅक्टोबॅसिलस हा शब्द मी वाचला होता. दह्यातही तोच. पिंपं आंबवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचंच.

त्याच रात्री वाचताना कळलं की २०१५ च्या बर्बन काउंटीच्या काही प्रकारांवर हीच वेळ आली होती. २०१६ साली कंपनीने लोकांचे पैसे परत केले. गुन्हेगार निघाला लॅक्टोबॅसिलस अॅसिटोटोलरन्स. हा जंतू पहिल्यांदा जपानात, व्हिनेगरच्या आंबवणात सापडला होता. अतिशय सावकाश वाढणारा, म्हणून चाचणीच्या बशीत लवकर दिसत नाही, आणि एवढ्या जहाल दारूतही तग धरणारा. त्यानंतर त्यांनी बिअर बाटलीत भरण्याआधी क्षणभर तापवून घ्यायला सुरुवात केली. एवढी प्रयोगशाळा असलेल्यांचं हे, तर माझ्या डावाचं काय! थोडा धीर आला. थोडाच, कारण त्यांच्या पिंपाशेजारी दही लावलेलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी कबूल केलं. उभी राहून, सगळ्यांसमोर, डावासकट. क्लबात एक बाई आहेत, शाळेत जीवशास्त्र शिकवतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “दही घेऊन ये. बघू.”

शाळेच्या प्रयोगशाळेत एका काचेच्या पट्टीवर त्यांनी आईचं दही टोकभर पसरलं, दुसरीवर पिंपातली तार. ज्योतीवरून दोन्ही पट्ट्या फिरवल्या, निळ्या रंगाचा थेंब टाकला, धुतल्या, वर तेलाचा थेंब आणि सूक्ष्मदर्शकाचं हजारपट भिंग. दह्याच्या पट्टीत लांब काड्या दिसल्या आणि त्यांच्या मधून मण्यांच्या माळा. मला उगाचच अभिमान वाटला. मग दुसरी पट्टी. तिथे ना काड्या, ना माळा. चार-चार ठिपके, चौकोनात, एकमेकांना चिकटून. सारीपाटाच्या कवड्या कुणी नीट चौकात मांडून ठेवाव्यात तसे चौक, सगळीकडे.

“पेडिओकोकस,” त्या म्हणाल्या. “हा दोन दिशांनी दुभागतो, म्हणून चौक दिसतात. लोण्याचा वास ह्याचा, तारही ह्याचीच. तुझ्या आईचं दही निर्दोष आहे. त्यातल्या जंतूंना ऊब लागते, आणि हॉप्सचा कडूपणा बहुतेक असल्या जंतूंना सोसत नाही. हा वेगळा. ह्याला हॉप्सची सवय आहे.” बिअरमध्ये भेटणाऱ्या पेडिओकोकसच्या जातीचं लॅटिन नाव डॅम्नोसस, म्हणजे नुकसान करणारा. नाव ठेवणाराही बहुतेक कुठल्यातरी पिंपापाशी उभा राहूनच ठेवत असेल.

मी घरी फोन लावून आईला सांगितलं. तोवर ती नाशिकरोडला परत गेली होती. ती म्हणाली, “मग मी काय सांगत होते?” तिने तसं काहीच सांगितलेलं नव्हतं.

चौक कुणाच्या बादलीतून आले, नळीतून आले की पिंपाच्या फळीत आधीपासून दबा धरून होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रश्न उरला ओतून द्यायची का, हा. सहा जण म्हणाले, द्या. त्यांतल्या एकाने आपले पाच गॅलन हक्काने काढूनही नेले, आणि त्याने वर जी पोकळी झाली ती भरायला मला घाईघाईने नवी पोर्टर करावी लागली. पोकळीत हवा, हवेत व्हिनेगर करणारे जंतू. मग ते म्हातारे इंजिनिअर बोलले. ते म्हणाले, ही पोर्टर आहे, आणि पोर्टरच्या पणजोबांनी हेच केलं असतं. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोर्टर अवाढव्य लाकडी टाक्यांत महिनोन्महिने मुरवायचे. ती आंबटसर व्हायची, आणि तीच महाग. त्या टाक्या केवढ्या, तर १८१४ च्या ऑक्टोबरात त्यांतली एक फुटली आणि वस्तीत शिरलेल्या बिअरच्या लोंढ्याने आठ माणसं गेली. जुन्या इंग्रजी मुरलेल्या बिअरची ती खास चव कशाने येते, हे १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये काम करणाऱ्या क्लाउसेनने शोधलं. ते एक रानटी यीस्ट होतं. त्याचं नाव ठेवलं ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. आणि बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या कँटिलॉनसारख्या ठिकाणी लँबिक बिअर पिंपात मुरताना कधीकधी अशीच तार धरते. तिथले लोक म्हणतात, बिअर आजारी आहे. आणि थांबतात. ते रानटी यीस्ट ती तार खाऊन टाकतं, लोण्याचा वासही.

“किती थांबतात?” मी विचारलं.

“बरी होईपर्यंत.”

मला हे पटलं असं नाही म्हणता येणार. जी गोष्ट मार्चमध्ये आजार होती ती पुढच्या मार्चला गुण होणार, आणि मधल्या वर्षात आपण फक्त खिळा उपसून बघायचं? हिशोबात असल्या रकमेला बुडीत म्हणतात. पण ओतून द्यायचं म्हटलं की पोटात कालवायचं. अन्न टाकायचं नाही, हे घट्ट बसलंय. मी थांबणाऱ्या पाचांत राहिले. मेमध्ये आम्ही ब्रेटॅनोमायसिस घातलं. जुलैत तार होती. सप्टेंबरात खिळा उपसला तर धार सरळ आली, खिळा दाबताच तुटली. मी चार वेळा उपसून खात्री केली. वास बदलला होता. वाळलेलं गवत, चामडं, जुनं लाकूड. एकाने डोळे मिटून सांगितलं, “घोड्याच्या पाठीवरची घोंगडी.” हे कौतुक आहे हे कळायला मला दोन बैठका लागल्या.

पुढच्या जुलैत मिशिगनच्या आंबट चेरी आल्या. दहा किलो घातल्या. बुचाच्या भोकातून एकेक, पाचही जण, हात लाल. नाताळात बाटल्या भरल्या. मग एकाला खोडी सुचली. जवळच्या स्पर्धेत त्याने तीच बिअर दोन वेगळ्या वर्गांत पाठवली. एक पोर्टर म्हणून, एक मिश्र आंबवणाची आंबट बिअर म्हणून. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पद्धतीने पन्नासपैकी गुण. पोर्टरला २१ पडले, शेऱ्यात लिहिलं होतं ‘जंतुसंसर्ग, स्वच्छतेकडे लक्ष द्यावे’. आंबटला ३८ पडले, ‘आम्लतेवर सुरेख ताबा’. ताबा! खिळा उपसणारी माणसं आम्ही. ते दोन्ही कागद क्लबाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावलेत.

आता ते पिंप कायमचं आंबट झालं. साधी बिअर त्यात पुन्हा कधीच होणार नाही. त्याला लागलेली नळी, बादली, बूच, पक्कड, सगळं वेगळं ठेवायचं. माझ्या तळघरात आता दोन संच आहेत. साध्या बिअरचं सामान एका फळीवर, आंबटचं दुसऱ्या, त्याला लाल चिकटपट्टी. चुकून इकडचा चमचा तिकडे गेला की मी आजीसारखी ओरडते. नवऱ्याने एकदा लाल पट्टीची नळी साध्या फळीवर ठेवली, तर त्याला ती फेकून नवी आणायला लावली. आजीचं सोवळं सोडल्याचा मला फार अभिमान होता. गेल्या महिन्यात मार्कर घेऊन लाल पट्टीच्या बादलीवर मी देवनागरीत मोठ्या अक्षरांत ‘ओवळं’ लिहिलं. क्लबात सगळे विचारतात, हे काय लिहिलंय? मी सांगते, बिअरचं नाव आहे.